बॅगा भरल्या आणि ताप आला

ज्येष्ठांच्या सहलींमध्ये गेल्या काही वर्षांत क्रूझची भर पडली आहे. आपल्यापैकी अनेकांना जलप्रवास म्हटले की भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटी आठवतात. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या आणि बोट लागू नये म्हणून मुठीत धरलेले लिंबू, असा तो थाट असे. आजचे जहाज म्हणजे तरंगते गावच. कोणी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपकडे निघतो, तर कोणी सिंगापूरहून किंवा भूमध्य समुद्रातून फिरून येतो. रोज नव्या हॉटेलात सामान हलवावे लागत नाही, जिने फारसे चढावे लागत नाहीत, जेवण हाताशी असते आणि दमल्यास आपली केबिन दोन पावलांवर असते. गुडघे कुरकुरणाऱ्या वयाला हा प्रकार मानवतो, यात नवल नाही.

अशा सहलीची तयारी सहा-सहा महिने चालते. मुलांनी पैसे भरलेले असतात, नातवंडांनी दिवस मोजलेले असतात. आणि निघायला तीन दिवस उरले असता आजोबांच्या घशात खवखव सुरू होते, किंवा आजींना पहाटे दोनदा उलटी होते. घरात एकच प्रश्न घुमू लागतो : आता जायचे की नाही? हा प्रश्न वैद्यकीय आहे, आर्थिक आहे आणि नात्यांचाही आहे. तिन्ही बाजूंनी त्याचा विचार आजच्या लेखात करू.

नेमके निघतानाच आजारपण का येते?

याला दैव जबाबदार नाही, दिनक्रम जबाबदार आहे. प्रवासाआधीचे दोन आठवडे आठवून पाहा. खरेदीसाठी गर्दीत जाणे होते. ‘जाण्याआधी एकदा जेवायला या’ अशी आमंत्रणे येतात. लग्नकार्य आटोपून घ्यायचे असते. रात्री उशिरापर्यंत सामानाची यादी चालते, झोप तुटते, जेवणाच्या वेळा बदलतात. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी एखादे वेळी राहून जाते. फ्लूचा संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारण १ ते ४ दिवस लागतात. उलट्या-जुलाबांना कारण होणारा नोरोव्हायरस तर १२ ते ४८ तासांतच आपले रूप दाखवतो. म्हणजे रविवारच्या मेजवानीतून घेतलेला संसर्ग मंगळवारी, बुधवारी डोके वर काढतो, आणि गुरुवारी आपले जहाज असते.

यावरचा उपाय साधा आहे. निघण्याआधीचे दहा-बारा दिवस हा प्रवासाचाच पहिला टप्पा समजावा. या काळात मोठे समारंभ टाळावेत, उघड्यावरचे व शिळे अन्न वर्ज्य करावे, गर्दीत मास्क लावावा आणि झोपेची वेळ मोडू नये. फ्लूची लस घ्यायची असेल, तर तिचा परिणाम दिसण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून ती निदान तीन-चार आठवडे आधी, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. नवा काढा, नवी शक्तिवर्धक गोळी, नवा व्यायाम यांचा प्रयोग या दिवसांत करू नये. शरीर नेहमीच्या वळणावर असले, की बिघाड लवकर ध्यानात येतो.

जहाज आणि साथ यांचे जुने नाते

‘घरी राहूनही ताप येतोच, मग जहाजावर आला तर काय बिघडले?’ असे कोणी विचारील. उत्तरासाठी इतिहासाकडे वळावे लागेल. ‘क्वारंटाइन’ हा शब्दच इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या संख्येवरून आला आहे. साथीच्या भागातून आलेल्या जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवण्याची जुनी प्रथा त्यामागे आहे. आपल्या मुंबईलाही याचा अनुभव आहे. १८९६ साली प्लेग प्रथम उघडकीस आला तो बंदरालगतच्या मांडवी भागात, आणि १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा शहरात शिरला तोही बंदराच्याच वाटेने.

अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. २० जानेवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा येथून ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज निघाले. त्यावरील एक वृद्ध प्रवासी २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरले, आणि १ फेब्रुवारीला त्यांना करोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. जहाजावर सुमारे ३,७०० माणसे होती. त्यांपैकी ७०० हून अधिक जणांना संसर्ग झाला. त्या प्रवाशाला दोष देण्याचे कारण नाही, कारण तेव्हा त्या रोगाचे नावही जगाला नीट ठाऊक नव्हते. परंतु बंदिस्त जागा, सामाईक भोजनगृह, लिफ्ट, कठड्यांचे दांडे आणि दिवसभराचा सहवास यांमुळे एका व्यक्तीचा आजार किती दूर जातो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

पोटाच्या विकारांचे तर विचारूच नका. अमेरिकेच्या बंदरांना येणाऱ्या क्रूझ जहाजांवर तेथील रोगनियंत्रण केंद्राची देखरेख असते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के जणांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाल्यास त्याची जाहीर नोंद होते, आणि अशा उद्रेकांमागे बहुतेक वेळा नोरोव्हायरसच आढळतो. या विषाणूवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा प्रभाव अपुरा पडतो. साबण आणि वाहते पाणी हेच खरे शस्त्र. बरे वाटू लागल्यावरही रुग्णाच्या विष्ठेतून तो दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ बाहेर पडत राहतो. म्हणून जहाजावर चढण्यापूर्वी आरोग्याविषयीचा एक अर्ज भरून घेतला जातो. त्यातील ‘गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलट्या, जुलाब झाले आहेत का?’ या प्रश्नाचे उत्तर खरेच द्यावे. त्या जहाजावर आपल्याच वयाची, कदाचित आपल्याहून नाजूक प्रकृतीची शेकडो माणसे असतात.

उतारवयात आजार मोठ्याने बोलत नाही

काळजीवाहकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. तरुणाला फ्लू झाला की १०३ अंश ताप चढतो, थंडी वाजते, तो अंथरूण धरतो. सत्तरी-ऐंशीच्या व्यक्तीत असे घडेलच असे नाही. ताप अगदी बारीक असतो, कधी नसतोच. या वयात १०० अंश फॅरेनहाइट, किंवा नेहमीच्या तापमानाहून २ अंशांची वाढ, हाही दखल घेण्याजोगा ताप होय. त्याऐवजी जेवणावरची वासना उडते, तोल जातो, झोप वाढते, बोलण्यात असंबद्धता येते, आजवर न झालेली लघवीची अडचण होते. ‘प्रवासाच्या विचाराने गोंधळल्या आहेत’ असे म्हणून सूनबाई समजूत करून घेतात, आणि मुळाशी मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग असतो.

म्हणून निघण्याआधीच्या आठवड्यात रोज सकाळी चार नोंदी एका वहीत कराव्यात : तापमान, रक्तदाब, नाडी आणि, घरी यंत्र असल्यास, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण. मधुमेहींनी साखरेची नोंदही ठेवावी. प्राणवायूचे प्रमाण नेहमी चांगले असणाऱ्या व्यक्तीत ते ९४ च्या खाली गेले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, शुद्ध हरपणे, शौचातून रक्त पडणे किंवा आठ-दहा तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास प्रवासाची चर्चा तिथेच थांबवावी व रुग्णालय गाठावे.

जावे की थांबावे?

अंतिम निर्णय आपल्याला नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांचा. तरी काही ढोबळ मर्यादा माहीत असल्या, तर त्यांच्याशी बोलणे सोपे जाते.

उलट्या-जुलाब झाले असतील, तर शेवटच्या उलटीनंतर वा शेवटच्या जुलाबानंतर निदान ४८ तास पूर्ण बरे गेल्याखेरीज इतरांत मिसळू नये. त्यानंतरही अन्न पचते आहे का, उभे राहिल्यावर चक्कर येते का, लघवी नेहमीसारखी होते का, हे पाहावे. लागण थांबली तरी अशक्तपणा उरतो, आणि हलत्या जहाजावर अशक्त पाय घसरायला वेळ लागत नाही. या वयात मांडीचे हाड मोडणे हे जुलाबांपेक्षा कितीतरी मोठे संकट आहे.

ताप-खोकला असेल, तर पॅरासिटामॉल न घेता निदान २४ तास ताप आलेला नसावा आणि एकूण प्रकृती सुधारत असावी. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो. त्यामुळे ताप उतरला तरी पुढचे काही दिवस मास्क लावणे आणि गर्दीच्या जागा टाळणे आवश्यक. फ्लूवरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. म्हणून ‘उद्या पाहू’ असे न म्हणता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नागीण उठली असेल, तर फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावे. ज्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांना त्या फोडांतील द्रवापासून कांजिण्यांची लागण होऊ शकते. डोळे आले असल्यासही बरे होईपर्यंत सहवास टाळावा. साधी सर्दी असेल, पण जहाज गाठण्यासाठी विमानाने जायचे असेल, तर कान व नाक चोंदलेले आहेत का हे तपासून घ्यावे. विमान उतरताना कानावर येणारा दाब फार त्रासदायक होतो. आणि अलीकडेच हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर केवळ ‘आता बरे वाटते’ एवढ्यावर न निघता तज्ज्ञांची लेखी परवानगी घ्यावी.

गोळीने ताप उतरतो, आजार नव्हे

बंदरावर तापमान तपासतील या भीतीने निघण्याच्या सकाळी पॅरासिटामॉल घेणारे महाभाग आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की यंत्र फसेल, फुप्फुस फसणार नाही. दुपारी औषधाचा अंमल ओसरेल, आणि तोवर जहाज किनाऱ्यापासून दूर गेलेले असेल.

घाईघाईने घेतलेल्या औषधांचे आणखीही धोके आहेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारा घटक असतो. तो रक्तदाब वाढवतो. घरात उरलेले प्रतिजैविक ‘दोन दिवस घेऊन पाहू’ म्हणून घेण्याने विषाणूजन्य आजाराला काहीच होत नाही, पोट मात्र बिघडते. ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना जुलाब बंद करणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्याही वृद्धांना जपूनच द्याव्यात. त्यांनी ग्लानी येते, तोंड कोरडे पडते, कधी संभ्रम होतो. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांची लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातील दाब वाढू शकतो. या गोळीविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली घेतली तर हेलकावे कमी जाणवतात, हा बिनऔषधाचा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जुलाब सुरू होताच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घोटघोट द्यावी. तयार पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी व मधुमेहींनी किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची, लघवी होण्याची आणि मधुमेहाची काही औषधे अशा दिवसांत तात्पुरती कमी करावी वा थांबवावी लागतात. पण कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. हा प्रश्न प्रवासाआधीच्या भेटीत विचारून उत्तर कागदावर लिहून घेतले, तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

जहाजावरचा दवाखाना

मोठ्या क्रूझवर डॉक्टर व परिचारिका असतात. हृदयाचा आलेख, प्राणवायू, सलाईन, काही रक्ततपासण्या अशी सोय सामान्यतः असते, अनेक जहाजांवर क्ष-किरण यंत्रही असते. पण तो दवाखाना आहे, रुग्णालय नव्हे. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा काढणे किंवा मेंदूचे स्कॅन करून शस्त्रक्रिया करणे तेथे होत नाही. रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरावर उतरवणे हे त्यांचे मुख्य काम. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठरावीक अंतरापर्यंतच येऊ शकते, तेही हवामान अनुकूल असेल तर. तपासणीचे शुल्क प्रवासाच्या तिकिटात धरलेले नसते. ते आपल्या खोलीच्या हिशेबात लागते आणि विमा असल्यास नंतर मागावे लागते.

याचा अर्थ असा, की घरी ज्या आजाराचे निवारण रिक्षाने दहा मिनिटांवरच्या रुग्णालयात होते, त्याच आजाराला समुद्रात एक-दोन दिवसांची वाट पाहावी लागू शकते. ‘निघालो की बरे वाटेल’ असे म्हणण्यापूर्वी हे अंतर मनात मोजावे. संसर्गाचा संशय आल्यास केबिनमध्ये एकटे राहण्यास सांगतात, हेही ध्यानात असू द्यावे. ताप घेऊन चढलेल्याची सहल अनेकदा चार भिंतींत आणि एका गोल खिडकीत संपते, आणि सोबत्याचीही.

पैशाची बाजू

पुष्कळ ज्येष्ठ आजार लपवतात ते पैशांमुळे. ‘मुलाने एवढे पैसे भरले, ते माझ्यापायी बुडायचे’ ही टोचणी खरी आहे; तिची थट्टा करू नये. क्रूझच्या नियमांत निघण्याची तारीख जितकी जवळ, तितकी रद्द करण्याची कपात अधिक असते आणि अखेरच्या दिवसांत बहुधा पूर्ण भाडे जाते. म्हणूनच विमा आरक्षणाबरोबरच घ्यावा. ताप आल्यावर घेतलेला विमा त्या तापासाठी उपयोगाचा नसतो.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी वाचून पाहाव्यात. एक, प्रवास रद्द झाल्यास भरपाई आहे का आणि कोणत्या कारणांसाठी. काही पॉलिसींत रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच ती मिळते. दोन, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे आधीपासूनचे आजार त्यात धरले आहेत का. ते लपवल्यास पुढचा दावा नाकारला जाऊ शकतो. तीन, सोबत जाणाऱ्या पती वा पत्नीने रुग्णाबरोबर थांबायचे ठरवले, तर त्यांचीही भरपाई मिळते का.

आजारपण आलेच, तर क्रम असा ठेवावा. प्रथम डॉक्टर. त्यांच्याकडून निदान, तपासणीची तारीख आणि ‘या दिवसांत प्रवासास असमर्थ’ असे स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र घ्यावे. मग त्याच दिवशी सहल कंपनीला आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. नुसत्या दूरध्वनीवर विसंबू नये. पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या एका पाकिटात ठेवाव्यात. भाडे परत मिळत नसले, तरी बंदराचे शुल्क व कर परत मिळतील का, तारीख बदलता येईल का, आपल्या जागी नात्यातील दुसऱ्या कोणाचे नाव घालता येईल का, हे जरूर विचारावे. विमा कंपनीने दावा अन्यायाने नाकारल्यास तिच्याकडे आधी लेखी तक्रार करावी, आणि समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क आकारले जात नाही व वकिलाची गरज पडत नाही.

घरी मागे राहणाऱ्यांविषयी

आता या विषयाची सर्वांत नाजूक बाजू. प्रत्येक वेळी आजारी पडणारी व्यक्ती प्रवासाला जाणारीच असते असे नाही. वर्षानुवर्षे आईची किंवा सासऱ्यांची शुश्रूषा करणारे दांपत्य पाच दिवसांच्या क्रूझवर निघालेले असते, आणि आदल्या संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रकृती बिघडते. मुलीचे पाऊल अडखळते. तिने जावे का?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. नवे, गंभीर लक्षण दिसत असेल, डॉक्टर दाखल करण्यास सांगत असतील, तर थांबावे. त्या काळजीत समुद्राचे सुख लाभत नाही. परंतु नेहमीच्याच दुखण्याचा थोडा चढ असेल, डॉक्टरांनी पाहून धीर दिला असेल आणि घरात विश्वासाचे माणूस असेल, तर जाणे हा अपराध नव्हे. शुश्रूषा करणारा माणूसही मोडतो. त्याच्या विश्रांतीवर रुग्णाचेही पुढचे महिने अवलंबून असतात.

हा निर्णय ऐन वेळी सोपा जावा म्हणून तयारी आधी हवी. बदली माणूस निदान दोन दिवस आधीपासून घरी राहावा, म्हणजे त्याला सवयी कळतात. औषधांच्या वेळा, पथ्य, डॉक्टरांचा व जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक, विम्याचे कार्ड कोठे आहे, आणि कोणत्या लक्षणाला काय करायचे, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावे. भर समुद्रात फोन लागतोच असे नाही. म्हणून निर्णय घेण्याचा अधिकार घरातल्या कोणाकडे राहील, हेही बोलून ठरवावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, एक विनंती आपणांसही. मुलांचा विरस नको म्हणून दुखणे गिळू नका. तसेच, एकटे राहण्याची भीती वाटत असेल, तर ती पोटदुखीच्या आडून न सांगता सरळ शब्दांत सांगा. ‘तुम्ही गेलात की मला रात्री धास्ती वाटते’ हे वाक्य उच्चारणे अवघड असते. पण ते कानावर पडले, तर मुले रात्रीच्या सोबतीची सोय करू शकतात. न सांगितलेल्या भीतीवर कोणाजवळच औषध नसते.

थांबणे हा पराभव नव्हे

एखाद्याला थांबावे लागले, तर बाकीच्यांनी काय करावे? नियम एकच नाही. आजी तापाने झोपल्या असतील आणि लेक सोबतीला थांबत असेल, तर जावई व नातवंडांनी जावे, असे आजींनीच आग्रहाने सांगावे. मात्र त्याच घरात राहणाऱ्यांनी आपल्यालाही लागण झालेली नाही ना, याकडे दोन-तीन दिवस लक्ष ठेवूनच निघावे. पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यातील एकालाच पाठवण्याचा हट्ट मात्र मुलांनी धरू नये. आजोबांना मागे ठेवून आजींना डेकवर चैन पडणार नाही, हे त्यांना सांगावे लागू नये.

सहल हुकली की वाईट वाटतेच. ते वाटू द्यावे. ‘या वयात पुन्हा कधी जमणार’ हा विचार तरुणांना अतिशयोक्त वाटतो, ज्येष्ठांना तो हिशेबाचा वाटतो. म्हणून ‘जाऊ द्या हो, पुढच्या वर्षी’ असे मोघम बोलून विषय संपवण्यापेक्षा बरे वाटल्यावर पंधरा दिवसांत कॅलेंडर घेऊन बसावे आणि नवी तारीख ठरवावी. पाच दिवसांची नाही तर दोन दिवसांची, परदेशाची नाही तर आपल्याच किनाऱ्याची. ठरलेली छोटी सहल मोघम मोठ्या आश्वासनाहून अधिक बळ देते.

शीर सलामत तो पगडी पचास, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच रूढ केली नाही. निघण्याच्या सकाळी थर्मामीटर काय सांगतो ते खरेपणाने वाचा, अर्जात खरे लिहा आणि डॉक्टर ‘जा’ म्हणाले तर निर्धास्तपणे जा. निघताना औषधे सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनासह व चिठ्ठीसह, आणि ठरलेल्या दिवसांहून चार-पाच दिवसांची जास्त घ्यायला विसरू नका. डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले, तर त्याच दिवशी प्रमाणपत्र मागून घ्या, दोन्ही कंपन्यांना लेखी कळवा, आणि मग गरम पेज घेऊन स्वस्थ झोपा.